निदान द्या, निवाडा नको: शिरूर अनंतपाळच्या डॉक्टरांना खुले पत्र

शिरूर अनंतपाळ तालुक्यातील सरकारी आणि खासगी डॉक्टर, परिचारिका, समुपदेशक आणि औषध दुकानदार यांस,



हे पत्र बंद पाकिटातून पाठवता आले असते. पण यातला निम्मा मजकूर तुमच्या रुग्णाच्याही कामाचा आहे आणि रुग्ण स्वतःहून कोणाला विचारायला येणार नाही, म्हणून उघड लिहीत आहे. विषय जननांगाच्या हर्पिसचा. हा आजार झालेला माणूस साकोळ, येरोळ किंवा उजेडहून तालुक्याला येतो, तोही ओळखीचे कोणी बाकावर बसलेले नाही ना, हे आधी पाहून. तुम्ही तपासता, गोळ्या लिहून देता, पुढचा रुग्ण आत येतो. गोळ्या बरोबर असतात. मात्र पायऱ्या उतरताना त्याच्या किंवा तिच्या डोक्यात जो प्रश्न असतो त्याचे उत्तर चिठ्ठीवर नसते: हे कोणामुळे झाले? माझे म्हणणे एवढेच आहे की या प्रश्नाचे प्रामाणिक वैद्यकीय उत्तर 'सांगता येत नाही' असे आहे, आणि ते निदानाच्याच भेटीत, स्वच्छ शब्दांत सांगणे हा उपचाराचा भाग आहे. ते न सांगता दिलेले निदान अर्धवट राहते. उरलेले अर्धे मग घरचे लोक आपल्या मनाने पूर्ण करतात, आणि त्याची किंमत आपल्याकडे बहुतेक वेळा बाई मोजते.

तुम्हाला ठाऊक असलेले थोडे इथे वाचकासाठी सांगतो. हर्पिस सिम्प्लेक्स या विषाणूचे दोन प्रकार आहेत. पहिला अनेकांना लहानपणीच घरातल्या कोणाच्या तरी लाळेतून मिळतो. ताप येऊन गेल्यावर ओठाच्या कडेला उठणारे फोड बहुधा त्याचेच. दुसरा मुख्यतः शरीरसंबंधातून पसरतो. पण पहिला प्रकारही मुखसंभोगातून जननांगावर पोचतो, आणि जगात असे प्रमाण कमी नाही. संसर्ग झाल्यावर लक्षणे दिसायचीच असली तर साधारण २ ते १२ दिवसांत दिसतात: पाण्याचे बारीक फोड, ते फुटून झालेल्या दुखऱ्या जखमा, लघवीला आग, अंगात कणकण, जांघेत अवधाण. ही पहिली खेप सगळ्यांत त्रासाची. दोन ते चार आठवड्यांत जखमा भरून येतात. विषाणू मात्र जात नाही. तो कमरेच्या खालच्या भागातील मज्जातंतूंच्या गाठींत पडून राहतो आणि अधूनमधून पुन्हा वर येतो. दुसऱ्या प्रकारात पहिल्या वर्षी असे चार-पाच वेळा होऊ शकते, पहिल्या प्रकारात एखाद्या वेळीच. पुढे वर्षागणिक खेपा विरळ आणि सौम्य होत जातात. छातीवर किंवा पाठीवर पट्ट्यासारखी उठणारी नागीण या कुळातलीच, पण ती कांजिण्यांच्या विषाणूमुळे होते आणि तिचा शरीरसंबंधाशी काही संबंध नाही. दोन्हींवर गेरू फासणे सारखेच निरुपयोगी.

आता मुद्द्याचा पुरावा. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या अंदाजानुसार १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ८४ कोटी ६० लाख लोकांना जननांगाच्या हर्पिसचा संसर्ग आहे, म्हणजे जगातील त्या वयाच्या दर पाच माणसांत एकाहून अधिक. यातल्या बहुतेकांना आपल्याला असे काही आहे हेच माहीत नाही, कारण त्यांना एक तर कधी फोड आले नाहीत किंवा आले ते घामोळे, चिरा किंवा वस्तऱ्याची इजा समजून विसरले गेले. आणि फोड नसले तरी विषाणू कातडीवर येतच असतो. अमेरिकेत २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लोकांनी रोज स्वतःचे नमुने घेतले. दुसऱ्या प्रकारचा विषाणू अंगात असूनही ज्यांना कधीच लक्षण जाणवले नव्हते अशांच्या नमुन्यांत सुमारे १० टक्के दिवशी विषाणू सापडला. लक्षणे असलेल्यांत हे प्रमाण सुमारे २० टक्के होते. याचा सरळ अर्थ असा की ज्याला आपण निरोगी समजतो, आणि जो स्वतःही तसेच समजतो, त्याच्याकडून हा संसर्ग जाऊ शकतो. ज्याला आज पहिल्यांदा फोड आले त्याला संसर्ग आजचाच असेल असेही नाही. तो कित्येक वर्षांपूर्वीचा, लग्नाआधीचा असू शकतो. नवऱ्याच्या अंगात तो विसाव्या वर्षापासून मुका बसलेला असेल आणि बायकोला पस्तिशीत फोड येतील. याच्या उलटही होईल.

यावर तुमच्यातला एखादा अनुभवी डॉक्टर म्हणेल, असे अगदीच नाही. फोडातला विषाणू सापडला आणि रक्तात त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडे अजून नसली, तर संसर्ग ताजा आहे एवढे तरी कळते. बरोबर आहे. पण ताजा संसर्ग म्हणजे नवे संबंध नव्हेत. दहा वर्षे एकमेकांशी एकनिष्ठ राहिलेल्या जोडप्यातही एकाकडून दुसऱ्याकडे विषाणू अकराव्या वर्षी जाऊ शकतो, कारण तो प्रत्येक वेळी जातोच असे नाही. ओठावरच्या फोडातून आलेल्या पहिल्या प्रकाराला तर परक्या माणसाची गरजच नसते. परपुरुष किंवा परस्त्री कधीच कारण नसते असा माझा दावा नाही. असेलही. पण ते सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही, आणि जे दिसत नाही ते दिसल्यासारखे घरच्यांना वाटू देणे हे शास्त्राच्या नावाने घडलेले खोटे ठरते. डॉक्टर गप्प बसला की नेमके तेच होते.

आणि वाटू दिल्याचे परिणाम मोठे आहेत. हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम १३ मध्ये संसर्गजन्य स्वरूपाचा गुप्तरोग हे आजही घटस्फोटाचे एक कारण आहे. याच कलमात कुष्ठरोगही होता. तो आता बरा होतो आणि रुग्णाला दूर लोटणे अन्यायाचे आहे, हे मान्य करून संसदेने २०१९ मध्ये तो वगळला. गुप्तरोगाचे कलम तसेच राहिले. आयुष्यभर अंगात राहणारा पण क्वचित त्रास देणारा हर्पिस त्या शब्दांत बसवायला कोणत्याही वकिलाला फार कष्ट पडणार नाहीत. बहुतेक प्रकरणे अर्थात कोर्टापर्यंत जातच नाहीत. बाईला माहेरी आणून सोडले जाते, दोन्हीकडचे चार लोक बसतात, आणि तुमच्या चिठ्ठीवरचा एक शब्द पुरावा म्हणून मधे ठेवला जातो. त्या बैठकीत डॉक्टर नसतो. म्हणून त्याने जे सांगायचे ते आधीच, त्या बाईला आणि तिची तयारी असेल तर तिच्या नवऱ्यालाही, सांगून ठेवलेले बरे.

दुसरा आक्षेप थेट आहे: माणूस यात मरत नाही, ओपीडीत हृदयरोग, सर्पदंश, बाळंतपणे पडलेली असताना या क्षुल्लक फोडांसाठी वेळ कुठला? याचे उत्तर पुण्याने दिले आहे. पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेने अमेरिकी संशोधकांसह तिथल्या गुप्तरोग चिकित्सालयांत येणाऱ्या, एचआयव्ही नसलेल्या अडीच हजारांहून अधिक रुग्णांचा पाठपुरावा केला. निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांतल्या सुमारे ४३ टक्के लोकांच्या अंगात दुसऱ्या प्रकारचा हर्पिस आधीच होता. ज्यांना तो नुकताच झाला होता त्यांना एचआयव्ही लागण्याची शक्यता, तो नसलेल्यांच्या तुलनेत, जवळपास चौपट निघाली. चिकित्सालयात येणारा वर्ग हा गावाचा आरसा नव्हे, त्यामुळे ४३ चा आकडा शिरूरला लावण्याचा वेडेपणा कोणी करू नये. पण जखमेची वाट एचआयव्हीला मोकळी मिळते ही गोष्ट पुण्यात खरी आणि इथे खोटी असे होत नाही. बाळंतपणाचेही तसेच. गर्भारपणाच्या शेवटच्या दिवसांत आईला हर्पिस पहिल्यांदाच झाला, तर प्रसूतीत बाळाला तो लागण्याचा धोका ३० ते ५० टक्के सांगितला जातो, आणि नवजात बाळाला तो जीवघेणा ठरू शकतो. जुना संसर्ग असलेल्या आईत हाच धोका शंभरात फार तर एक ते तीन. म्हणजे ज्या बाईला आपला आजार माहीत आहे आणि जिने तो प्रसूतीच्या डॉक्टरला सांगितला आहे, ती बरीच सुरक्षित आहे. कळा सुरू होताना जखमा असतील तर सिझेरियनचा निर्णय घेता येतो. तिने सांगावे असे वाटत असेल तर आधी तिला सांगण्याची लाज वाटणार नाही असे कोणीतरी तिच्याशी बोललेले हवे.

महाराष्ट्राला हा धडा नवा नाही. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीतील वसा आणि अमिर्झा या गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि जानेवारी १९८९ मध्ये ती 'लॅन्सेट'मध्ये छापून आली. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होते, सरासरी प्रत्येकीला तीनहून अधिक. आणि त्याआधी कधीही अशी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. त्यानंतर तीस वर्षांनी, आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यात काय उघडकीस आले तेही आठवा. २०१९ मध्ये ऊसतोड करणाऱ्या सुमारे ८२ हजार स्त्रियांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. अंगावरून जाणे, ओटीपोटात दुखणे अशा तक्रारींवर बोलण्याऐवजी थेट शस्त्रक्रियेचा मार्ग अनेकींना दाखवला गेला होता. हर्पिससाठी कोणी गर्भाशय काढत नाही, मान्य. पण खाली काहीतरी होते आहे एवढेच बाईला कळले, आणि त्याचे नाव, कारण, मर्यादा कोणी सांगितली नाही, तर त्या पोकळीत कोण शिरते हे मराठवाड्याने पाहिले आहे. बसस्थानकाच्या मागच्या भिंतीवर 'गुप्तरोग खात्रीने बरा' असे रंगवणारा त्यातलाच एक. औषधे व जादूचे उपाय कायदा, १९५४ नुसार गुप्तरोग बरा करण्याच्या अशा जाहिरातींना बंदी आहे. भिंतीला ते माहीत नसते.

तपासण्यांबाबत मात्र तुमच्याकडेच तक्रार आहे. गर्भपात झाला, दिवस राहत नाहीत, की 'टॉर्च' नावाची रक्ततपासणी लिहून देण्याची सवय आपल्याकडे पक्की झाली आहे, आणि तिच्यात हर्पिसच्या आयजीएम प्रतिपिंडांचा रकाना असतो. तो 'पॉझिटिव्ह' आला की बाई घाबरते, नवरा गप्प होतो, सासू विचारू लागते. वास्तविक ही आयजीएम तपासणी दोन्ही प्रकारांत नीट फरक करत नाही, जुना संसर्ग उसळला तरी ती वर येते, आणि खोटा होकार देण्याबद्दल ती बदनाम आहे. लहानपणी ओठावर आलेल्या फोडाचा हिशेब पस्तिशीत कुटुंबासमोर मांडला जातो तो असा. लक्षण नसलेल्या माणसाची हर्पिससाठी सरसकट रक्ततपासणी करू नये, असे अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृतिदलाने २०१६ मध्ये सांगितले आणि २०२३ मध्ये पुन्हा सांगितले. फोड असेल तर त्यातून घेतलेला नमुना हाच भरवशाचा. तो पाठवण्याची सोय जवळ नसेल, तर अनुभवी नजरेने केलेले निदानही चालते, सरकारी पद्धत त्यावरच उभी आहे. पण जी तपासणी उपचार बदलत नाही आणि घर मोडू शकते, ती लिहिण्यापूर्वी पेन थांबवा.

सगळ्यांत जोरदार आक्षेप नैतिक आहे आणि तो टाळून चालणार नाही. 'कोणाचा दोष नाही' असे डॉक्टरच सांगू लागले तर लोक मोकाट सुटतील, असे गावातले शहाणे म्हणतील. एक तर 'दोष नाही' असे सांगा असे मी म्हणत नाही. 'दोष कोणाचा ते यातून कळत नाही' असे सांगा म्हणतो. यात फरक आहे. दुसरे, लाजेने संसर्ग थांबतो हे गृहीतच चुकीचे आहे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हर्पिस असलेल्या ज्या जोडीदारांनी आपला आजार आधी सांगितला होता त्यांच्याकडून लागण होईपर्यंत मध्यक २७० दिवस गेले, आणि ज्यांनी सांगितला नव्हता तिथे ६० दिवस. बोलल्याने संसर्ग लांबला, कारण बोललेली जोडपी फोड असताना दूर राहतात, एरवी निरोध वापरतात. निरोधाने धोका बराच घटतो, शून्य होत नाही. रोज घेण्याच्या औषधानेही जोडीदाराला लागण होण्याचे प्रमाण निम्म्याच्या आसपास आणता येते, हे २००४ मध्ये सिद्ध झाले. यातला प्रत्येक उपाय दोघांनी मिळून करायचा आहे. ज्या घरात निदानाच्या रात्रीच भांडण पेटले, तिथे निरोधाची गोष्ट कोण काढणार?

वेळ आणि गुप्तता या अडचणी खऱ्या आहेत. तालुक्याच्या गावी कोण कोणत्या दारातून आत गेले हे संध्याकाळपर्यंत चौकात माहीत होते. म्हणूनच स्वतंत्र 'गुप्तरोग दिवस' नको, वेगळी रांग नको. पडदा आणि बंद होणारे दार पुरे. औषध दुकानदारांनी गोळीचे नाव मोठ्याने उच्चारू नये, एवढे तर फुकट जमते. सरकारी बाजूने औषध आहे: राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या रंगीत किटांमधले लाल किट हर्पिससाठीच आहे, त्यात ॲसायक्लोव्हिरच्या ४०० मिलिग्रॅमच्या गोळ्या सात दिवस, दिवसातून तीन वेळा अशा असतात. फोड आल्यावर पहिल्या तीन दिवसांत सुरू केल्या तर अधिक उपयोगी. हे औषध ज्या प्रयोगशाळेतून आले तिथल्या गर्ट्रूड एलियन यांना १९८८ चे नोबेल मिळाले. आज ते जगातल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे आणि जेनेरिक स्वरूपात परवडते. मलमाचा फायदा नगण्य, आणि दुकानातून गजकर्णासाठी म्हणून मिळणारे स्टिरॉइडमिश्रित मलम इथे लावले तर त्रास वाढू शकतो. डॉक्टरला वेळ नसेल तर एचआयव्ही समुपदेशन केंद्रातला समुपदेशक हे संभाषण करू शकतो. त्याला अशा बोलण्याचेच प्रशिक्षण असते, आणि तसेही जननांगावर जखम असलेल्या प्रत्येकाची एचआयव्ही आणि सिफिलिसची तपासणी व्हायलाच हवी. निदान अवघड असेल तर लातूरच्या विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेकडे पाठवा, पण चिठ्ठीबरोबर चार वाक्येही द्या.

ती वाक्ये काय असावीत, हे ज्याला नुकतेच निदान झाले आहे त्याच्या बाजूने सांगतो. हा कर्करोग नाही आणि यातून तो होत नाही. १९७० च्या दशकात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा संशय हर्पिसवर होता, पण खरा कारणीभूत विषाणू वेगळा निघाला आणि तो दाखवणाऱ्या हाराल्ड त्सूर हाउझेन यांना २००८ मध्ये नोबेल मिळाले. वंध्यत्व येत नाही. लग्न करता येते, मुले होतात. भांडी, संडास, विहिरीचे पाणी यांतून तो पसरत नाही, त्यामुळे घरात ताट वेगळे करण्याचे काही कारण नाही. फोड असताना सुती सैल कपडे, मिठाच्या कोमट पाण्याने धुणे, वेदनेसाठी पॅरासिटामॉल, लघवी करताना वरून पाणी ओतणे, फोडाला हात लागला तर साबणाने धुणे, आणि खपली पूर्ण पडेपर्यंत संबंध नाही. वर्षातून सहा किंवा अधिक वेळा त्रास होत असेल तर रोजच्या गोळीबद्दल डॉक्टरकडे जरूर विचारावे. पहिले काही महिने मन सैरभैर होते, झोप उडते, अंगाची किळस येते. हे बहुतेकांना होते आणि आजाराच्या खेपा कमी होतील तसे तेही ओसरते. तसे न ओसरता जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येऊ लागले, तर त्याच डॉक्टरकडे परत जावे, आणि डॉक्टरने त्याला परत पाठवू नये. जोडीदाराला सांगायचे ते भांडणाच्या तोंडावर नको; फोड बरे झाल्यावर, शक्यतो समुपदेशकासमोर, आणि घरात मारहाणीची भीती असेल तर आधी स्वतःची सुरक्षितता बघून.

या पत्राची एक प्रत लातूरच्या जिल्हा शल्यचिकित्सकांकडे जावी अशी माझी इच्छा आहे, कारण दोन गोष्टी जिल्हा पातळीवर ठरतात: लाल किटचा साठा तालुक्यात सतत राहील हे पाहणे, आणि आशा व परिचारिकांच्या बैठकांत या आजाराला अर्धा तास देणे. उजेडला दर जानेवारीत महात्मा गांधींच्या नावाने यात्रा भरते. तिथे रक्तदाब आणि साखर तपासणारा तंबू लागणार असेल तर लैंगिक आरोग्याची माहिती देणारा एक माणूसही त्यात बसवावा, फलक न लावता. बाकीचे तुमच्या हातात आहे. उद्या जो पहिला रुग्ण हे फोड घेऊन येईल त्याला गोळ्यांबरोबर एवढे सांगा: हे कधी आले आणि कोणाकडून आले ते मला सांगता येणार नाही, आणि दुसऱ्या कोणाला सांगता येते असे तो म्हणाला तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

आणि ज्या वाचकाला तालुक्यात कोणालाच विचारायचे नाही, त्याने १०९७ या राष्ट्रीय एड्स हेल्पलाइनवर फोन करावा. तिथे लैंगिक आजारांबद्दलही बोलता येते आणि फोन मोफत आहे.

कळावे,
तालुक्याच्या आरोग्याची काळजी असणारा एक नागरिक